कासवाच्या नावावर

१

कारखान्याने मला घरी बसवलं त्याला चार महिने झाले होते. घरी बसवलं हे माझे शब्द. पत्रात 'विभागाची पुनर्रचना' असं लिहिलं होतं. जिथे आम्ही सहा माणसं बसायचो तिथे एक यंत्र येऊन बसलं, ही पुनर्रचना.

आमचा कारखाना गॅस सिलिंडरचे व्हॉल्व्ह बनवायचा आणि आमचा विभाग ते तपासायचा. व्हॉल्व्हमध्ये दाबाने हवा भरायची, तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला तर माल परत, नाही आला तर पुढे. तेवीस वर्षं मी पाण्यातले बुडबुडे पाहिले. कुणी विचारलं काय करता, तर 'क्वालिटीत आहे' म्हणायचो आणि विषय बदलायचो.

एका रविवारी सकाळी मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांचं त्या नोकऱ्यांच्या साइटवर प्रोफाइल आहे.

"बाबा, तू अर्ज पाठवतोस ते कुणी वाचत नाही. आधी माणसाला तिथे शोधतात. तिथे नाहीस म्हणजे तू नाहीसच."

"मग हा चहा कोण पितोय?"

"विनोद नको. सांग, तेवीस वर्षांत काय काय केलंस?"

मी सांगत गेलो. विभागाचं हजेरीपत्रक सांभाळलं. कॅन्टीन समितीवर होतो. नवीन आलेल्यांना काम शिकवलं. ती टाइप करायची, वाचायची आणि अर्ध्याहून अधिक पुसून टाकायची.

"हजेरीपत्रक हे काय सांगायचं झालं? आकडा हवा, बाबा. काहीतरी वाढलं पाहिजे, काहीतरी कमी झालं पाहिजे."

"केस कमी झाले."

"आणि पोट वाढलं, तेही लिही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. घरात तिचा आवाजही तसाच लागतो, पुढच्या पेशंटला हाक मारल्यासारखा.

फोटोसाठी मुलीने मला फ्रीजच्या दारासमोर उभं केलं, कारण घरात पांढरं असं तेवढंच होतं. इतक्या खटाटोपानंतर साइटने माझ्या नावाशेजारी एक वर्तुळ काढलं आणि आत लिहिलं: तुमचं प्रोफाइल पंचावन्न टक्के पूर्ण. बावन्नाव्या वर्षी पंचावन्न टक्के. शाळेतही मला तेवढेच पडायचे.

मुलगी मैत्रिणीकडे गेल्यावर मी एकटाच ते पान खालीवर करत बसलो. तळाशी एक रकाना होता. 'यांना तुम्ही ओळखत असाल.' त्यात पहिलाच चेहरा कासवाचा होता.

२

कासव आमच्याच विभागात होता. प्रत्येक व्हॉल्व्ह तो दोनदा बुडवायचा, म्हणून हे नाव. दोन वर्षांपूर्वी तो गेला. कारखान्याच्या जिन्यावर दम लागला म्हणून बसला, तो उठलाच नाही. ते साइटला कळवायचं कुणाला सुचणार? तिथे तो खुशाल हसत होता आणि त्याचं वर्तुळ पूर्ण भरलेलं होतं.

मी त्याचं पान उघडलं. त्याने लिहिलं होतं: 'एका वेळी आठ व्हॉल्व्ह तपासणारं टेबल स्वतः तयार केलं. टाकीचा तळ काचेचा करून खाली तिरका आरसा बसवला. त्यामुळे व्हॉल्व्हच्या खालच्या बाजूची गळती दिसू लागली. ग्राहकांकडून परत येणारा माल निम्म्यावर आला.'

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. ते टेबल त्याने आधी घरी, जेवणाच्या टेबलावर जुळवून पाहिलं होतं आणि आरसा काढला होता वहिनींच्या ड्रेसिंग टेबलाचा. तो गेला त्या दिवशी येईल त्याला वहिनी तेच सांगत होत्या. "माझा आरसा पळवला हो यांनी. सहा वर्षं मी न्हाणीघरात जाऊन केस विंचरतेय." सांगता सांगता त्यांना हसू यायचं, मग रडू यायचं, मग पुढचा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून.

मी त्या टेबलाचे चार स्क्रू आवळले होते. म्हणजे माझा अगदीच हात नव्हता असं नाही. आणि मेलेल्या माणसाला कुठे नोकरी शोधायची असते? मी त्या ओळी उचलल्या आणि माझ्या पानावर आणून ठेवल्या. वर्तुळ झर्रकन सरकलं. ऐंशी टक्के.

संध्याकाळी मुलगी ते वाचून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, हे आधी का नाही सांगितलंस? आणि हजेरीपत्रक सांगत बसलास."

दुसऱ्या दिवशी दोघी बाहेर पडल्यावर मी कासवाचं पान पुन्हा उघडलं. चोराला एकदा दार उघडं दिसलं की तो पुन्हा येतो. अजून काही मिळतंय का, एवढंच बघायचं होतं.

टेबलाच्या ओळी तिथे नव्हत्या. त्यांच्या जागी एकच ओळ होती. 'विभागाचं हजेरीपत्रक सांभाळलं.'

शब्द माझे होते. आदल्या दिवशी मुलीने पुसलेले.

मी डोकं शांत ठेवून विचार केला. दोन्ही पानं एकाच वेळी उघडी होती. माझा हात कुठेतरी चुकीचा लागला असणार. मुलगी आल्यावर मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुसऱ्याच्या पानावर आपण लिहू शकतो का गं?"

"नाही. का?"

"काही नाही. सहज."

३

त्याच आठवड्यात फोन यायला लागले. चार महिने मुका असलेला फोन दिवसातून दोनदा वाजायचा. एका मोठ्या कंपनीच्या माणसाने फोनवरच अर्धा तास मुलाखत घेतली. त्याला त्या टेबलाचं फार कौतुक होतं.

"पाण्याजवळचा आरसा महिन्याभरात काळा पडतो. तुमचा कसा टिकला?"

"कडांना मेण लावायचं," मी म्हणालो. "आधी आरसा उन्हात तापवायचा, मग मेण. थंड आरशावर लावलं तर पापुद्रा निघतो. मी पहिल्यांदा थंडच लावलं होतं. फुकट गेलं."

फोन ठेवल्यावर मी खुर्चीवर बसूनच राहिलो. मेणाचं मला काहीच ठाऊक नव्हतं. कासवाने कधीतरी डबा खाताना सांगितलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण डोळ्यांसमोर उन्हात ठेवलेला आरसा येत होता. हाताला मेणाचा बुळबुळीतपणाही जाणवत होता. ऐकीव गोष्टीने असे हात चिकट होत नाहीत.

साइटवर शिफारस असली की वजन पडतं, असं मुलीचं म्हणणं. म्हणून आमच्या जुन्या साहेबांना फोन केला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

"अरे, दोन ओळी काय, दहा लिहितो," साहेब म्हणाले. "ते आरशाचं टेबल मी विसरेन होय? बायकोचा आरसा काढून आणला होतास पठ्ठ्या."

इथे मी बोलायला हवं होतं. साहेब, तो मी नव्हे, कासव. एवढंच वाक्य होतं.

"आणि तो तुझा जोडीदार रे," साहेब पुढे म्हणाले, "हजेरी लिहायचा तो. कासव. गेला ना बिचारा? साधा माणूस होता. बाकी त्याच्यात काही नव्हतं म्हणा."

साहेबांचं वय झालं, दुसरं काय, असं म्हणून मी फोन ठेवला. संध्याकाळी त्यांची शिफारस माझ्या पानावर आली. ती वाचली आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छान वाटलं. तेवीस वर्षांत कुणी माझ्याबद्दल तेवढं चांगलं बोललं नव्हतं.

मग कासवाच्या पानावरून मी आणखी एक प्रशस्तिपत्र उचललं. ते तर मी विचारसुद्धा न करता उचललं. त्याच्याकडे काय गेलं ते पाहिलं, तर कॅन्टीन समिती.

४

त्या रात्री झोप लागली नाही असं म्हणणं शोभलं असतं. मी गाढ झोपलो. पण सकाळी दाढी करताना आरशात बघवेना, तेव्हा आवरलं आणि कासवाच्या घरी गेलो. साहेब विसरतील, साइट चुकेल. वहिनी कशा विसरतील?

दुपारचे बारा वाजले होते. वहिनी एकट्याच असतात. त्यांना मूलबाळ नाही. त्यांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"या भाऊजी. किती दिवसांनी आलात."

मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. त्याच्या कडेला ओळीने आठ भोकं होती, कासवाने पट्ट्या कसल्या होत्या त्यांची. वहिनी पाणी घेऊन आल्या तेव्हा मी त्यांवरून बोट फिरवत होतो.

"ही भोकं कसली हो, वहिनी?"

"काय माहीत. आणलं तेव्हापासूनच असतील."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. तिथलं ड्रेसिंग टेबल मला बसल्या जागेवरून दिसत होतं. लाकडी चौकट होती आणि चौकटीत मागचं नुसतं फळकूट. त्यावर आरशाच्या आकाराचा फिकट चौकोन.

"त्यातला आरसा कुठे गेला?"

वहिनींनी वळून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या, जणू ती चौकट त्यांना आजच दिसत होती.

"फुटला असेल," त्या म्हणाल्या. "नीट आठवत नाही."

"कासव तो कारखान्यात घेऊन गेला होता ना? टेबलासाठी?"

"ते टेबल तर तुम्ही केलंत, भाऊजी." त्या हसल्या. "हे सांगायचे ना मला. आमचा हा मित्र फार हुशार आहे म्हणायचे."

मी पेला खाली ठेवला. वहिनी समोरच्या खुर्चीत बसल्या आणि टेबलाच्या भोकात करंगळी घालून ती फिरवू लागल्या. त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

"तुम्हाला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी त्यांची एक गोष्ट आठवून दिवस काढले. सकाळी उठलं की ती आठवायची आणि हसू यायचं. येईल त्याला सांगायचे मी ती. तुम्हालाही सांगितली असेन. आणि आता आठवड्याभरापासून ती गोष्ट कोणती, तेच सापडत नाही. काहीतरी होतं, भाऊजी. मला त्यांचा अभिमान वाटायचा असं काहीतरी. विचार करकरून डोकं दुखतं आणि हाताला लागतं ते हजेरीपत्रक."

मला सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. पण सांगणार काय, आणि कोणत्या तोंडाने? "आठवेल," मी म्हणालो, आणि चपला घालून निघालो.

घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. सगळं पुसायचं. त्याचं त्याला परत. दार उघडलं तर मुलगी लॅपटॉप छातीशी धरून उभी.

"बाबा, त्या मोठ्या कंपनीने उद्या बोलावलंय. शेवटची फेरी."

ती सातवीत असल्यापासून माझ्या गळ्यात पडली नव्हती. ती पडली. बायकोने दवाखान्यातून फोन केला आणि पहिल्यांदा तिच्या आवाजात पुढचा पेशंट नव्हता.

उद्याचा दिवस जाऊ दे, असं मी ठरवलं. नोकरी हातात आली की त्याच संध्याकाळी परत लिहीन. दोन वर्षं मेलेल्या माणसाला एक दिवसाने काय फरक पडतो?

५

कंपनीची इमारत सगळी काचेची होती. मी वीस मिनिटं आधी पोचलो. एचआरची बाई खाली येऊन माझ्या शेजारच्या सोफ्यावर बसली. तरुण होती, बोलायला चांगली होती.

"काका, तुमचं जवळजवळ झालंच आहे. फक्त एक ओळ खटकतेय." तिने तिचा फोन माझ्यापुढे धरला.

ती ओळ मी लिहिली नव्हती. मुलीने मला न सांगता घातली होती. 'मुलगी लहान असताना तिची सकाळची शाळा सांभाळता यावी म्हणून अकरा वर्षं दुपारची पाळी मागून घेतली आणि त्यासाठी बढती सोडली.'

बायकोचा दवाखाना तेव्हा सकाळी सातला उघडायचा. त्यामुळे वेणी, डबा, शाळा, सगळं माझ्याकडे होतं. मला वेणी येत नव्हती. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडून मी ती शिकलो. बढतीचं मी घरात कधी बोललो नव्हतो. पोरीने कुठून तरी शोधून काढलं आणि जगाला सांगून मोकळी झाली.

"वाचायला छान आहे," बाई म्हणाली. "पण वरच्यांना वाटतं, हा माणूस पाळी मागून घेणारा. आमच्याकडे तीनही पाळ्या फिरतात. तेवढी काढून टाका. दहा मिनिटांत मी पान त्यांच्यापुढे ठेवणार आहे."

ती उठून गेली. मी माझा फोन हातात घेऊन बसलो.

पुसलेलं कुठे जातं ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं आज मी कुणालाच सांगू शकत नाही. पण समोर काचेतून लखलखीत दालन दिसत होतं, त्यात स्वच्छ टाक्या आणि स्वच्छ माणसं. आणि मी स्वतःला समजावत होतो की बाबा रे, साहेब म्हातारे झालेत, वहिनी दुःखाने भ्रमिष्ट झाल्यात, आणि साइट ही साइट आहे, शिकलेल्या माणसाने असलं काही मनात आणू नये. एक ओळ तर आहे. संध्याकाळी परत घालता येईल. कारणं माझ्याकडे भरपूर होती. कारणं द्यायला मी कधी कमी पडलो नाही.

मी ओळ पुसली. वर्तुळ पूर्ण झालं. शंभर टक्के. कासवाचं पान मी उघडून पाहिलं नाही.

मग त्यांनी मला टाकीपाशी नेलं आणि एक व्हॉल्व्ह हातात दिला. मी तो बसवला, हवा भरली, बुडवला. बुडबुडा नव्हता. सगळे पुढे सरकले, पण माझा हात थांबला नाही. त्याने व्हॉल्व्ह वर काढला, उलटा केला आणि पुन्हा बुडवला. खालच्या बाजूने टाचणीच्या टोकाएवढा एक बुडबुडा निघाला.

वरचे साहेब माझ्याकडे बघून हसले. "आम्हाला नेमका असाच माणूस हवा होता," ते म्हणाले.

पत्र त्यांनी तिथल्या तिथे दिलं.

६

मी दुपारी चारला घरी पोचलो. किल्ली कुलुपात गेली, पण दाराला आतून कडी होती. एरवी या वेळी आम्ही कडी लावत नाही. मी बेल वाजवली. उभा राहिलो तेव्हा चपलांच्या स्टँडकडे लक्ष गेलं. बायकोच्या चपलांशेजारी पुरुषाच्या चपला होत्या. घासून पॉलिश केलेल्या, माझ्या मापाच्या, पण माझ्या नव्हेत.

मुलीने दार उघडलं. मी पत्र पुढे केलं.

तिने पत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. दारात आलेल्या माणसासाठी ठेवलेलं असतं ते.

"या ना, काका," ती म्हणाली. "तुम्ही बाबाच्या कारखान्यातले ना? फोटोत पाहिलंय तुम्हाला. या, बसा. बाबा आत आहे."

आयुष्यात पहिल्यांदा ती मला तुम्ही म्हणाली. मला तिचं नाव घेऊन हाक मारायची होती. पण त्याच वेळी आतल्या खोलीत कुणीतरी खाकरलं. एकदा, मग जरा थांबून, अर्धवट, दुसऱ्यांदा. तसा मी खाकरतो. मीच असा खाकरतो.

"बाबा, तुझ्याकडे कुणीतरी आलंय," तिने आत हाक मारली.

"बसायला सांग. आलोच," आतून उत्तर आलं. स्वयंपाकघरात बायको काहीतरी गुणगुणत होती आणि दोन कप काढल्याचा आवाज आला. मग तिसरा.

मी बसलो. सोफ्याच्या कडेला बसलो, परक्या घरी बसतात तसा, पत्र गुडघ्यावर ठेवून. समोर तिचा लहानपणीचा शाळेतला फोटो होता. दोन घट्ट वेण्या, भांग थोडा वाकडा.

मी त्याच्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"वेण्या बाबाने घातल्यात," ती कौतुकाने म्हणाली. "अकरा वर्षं रोज तोच घालायचा. त्यासाठी त्याने बढती सोडली, पण कधी बोलून दाखवलं नाही." मग, पाहुण्याला काहीतरी विचारायला हवं म्हणून तिने विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत का, काका?"

आतली पावलं पडद्यापर्यंत आली होती. पडद्याखाली दोन पायांची बोटं दिसत होती. ती पुढे येत नव्हती. माझं उत्तर ऐकायला थांबल्यासारखी ती तिथेच उभी होती.

"नाही," मी म्हणालो.